‘टायटॅनियम’च्या नावाखाली साडेतेरा हजारांची काच

माझी गाडी सेकंडहँड, टर्बो पेट्रोल हॅचबॅक. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. मे महिन्यात सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमधून घरी आलो की बॉनेट इतकं तापलेलं असायचं की सोसायटीतलं मांजरसुद्धा त्यावर बसायला धजत नसे. डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोतून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या पाइपवर, हीट रॅप ही उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर धग कमी होते असं कळलं, आणि ते खोटं नाही. एक्झॉस्टची उष्णता आजूबाजूच्या वायरिंगला आणि इंजिनात जाणाऱ्या हवेला लागू नये म्हणून ही पट्टी गुंडाळतात. माझी गंमत झाली ती पुढे.

शहरातल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सोनेरी-तपकिरी रोल पुढे सरकवला. ‘‘सर, प्युअर टायटॅनियम. इम्पोर्टेड. चौदाशे डिग्रीलाही काही होत नाही.’’ मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, तरी मान डोलावली! बाजारात ज्याला टायटॅनियम रॅप म्हणतात त्यात टायटॅनियम नसतंच. चांगल्यात चांगला असला तर तो बसाल्टचा असतो. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, तोच वितळवून काढलेले धागे. टायटॅनियम हे नाव फक्त विकण्यापुरतं. मला तर बसाल्टही मिळाला नव्हता, पण ते नंतर कळलं.

‘‘दोन तास लागतील, चहा घेऊन या.’’ आलो तर काम झालेलं, बॉनेट उघडून मोबाइलवर फोटोही काढून दिला. वरून अगदी देखणं. ‘‘पहिले दोन दिवस धूर येईल, घाबरू नका.’’ हेही खरंच होतं, नव्या पट्टीतले धागे धरून ठेवणारा बाइंडर जळतो. अशी अर्धी खरी माहिती देणारा माणूस जाणकार वाटतो, तिथेच मी फसलो.

तीन आठवड्यांनी कात्रजच्या घाटात परत धूर. या वेळी वास जळक्या ऑइलचा. गाडी तशीच थंड करत करत नाना पेठेत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी खालून बॅटरी मारली आणि मलाच आत डोकावायला लावलं. पाइपच्या दिसणाऱ्या बाजूला छान वेटोळी, मागचा अर्धा पाइप उघडा. रॅप आवळायला स्टीलच्या पट्ट्यांऐवजी बांधकामावरची बाइंडिंग वायर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टर्बोच्या मधल्या भागावरही पट्टी, ऑइलच्या पाइपसकट गुंडाळलेली.

‘‘अरे, इथे बेअरिंग असतं,’’ काका म्हणाले. ‘‘मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारणारा शाफ्ट ऑइलवर तरंगतो. त्याला कोंडून ठेवलं तर आत ऑइलचा कोळसा होणार. आणि ही पट्टी बघ, गळून गळून ऑइल प्यायलीये. वात झालीये नुसती. अजून एक घाट चढला असतास तर पेटली असती.’’

पट्टीचं तेल न लागलेलं टोक घरी आणून चिमट्यात धरून गॅसवर धरलं. बसाल्टचा रंग खडकाचाच असतो, असा पटकन उडत नाही. इथे मिनिटाभरात तपकिरी रंग गेला आणि खाली पांढरी काच निघाली. दाबली तर भाजलेल्या पापडासारखी मोडली. रंगवलेलं साधं फायबरग्लास! टर्बो पेट्रोलमध्ये टर्बाइनच्या तोंडाशी वायू ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, तिथे याचा भुगाच होणार. हात रात्रभर खाजत होते. चिमटा पापडाचा होता हे बायकोला कळल्यावर वेगळंच खाजवावं लागलं.

दुकानात परत गेलो. मुलगा शांत. ‘‘सर, टायटॅनियम कलर म्हणालो होतो.’’ माझ्या हातात कच्ची पावती, त्यावर ‘रॅप फिटिंग १३,५००’, बास. ना मटेरियलचं नाव, ना जीएसटी नंबर. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही, तोही रस्ता मोकळा आहे. पण एवढ्याशा चिठ्ठीवर काय सिद्ध करणार, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही करणार असाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर बसाल्ट की फायबरग्लास ते लिहून घ्या. रोलचं टोक लायटरवर धरू द्यायला जो नाही म्हणेल, तिथून उठा. काम चालू असताना तिथेच उभे राहा, चहा नंतर प्या. टर्बाइनच्या घरावर, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या कवचावर, पट्टी नको, त्यासाठी शिवलेलं ब्लँकेट मिळतं, आणि मधला भाग उघडाच ठेवायचा. साध्या लोखंडी पाइपवर पावसाळ्यात पट्टी ओल धरते आणि पट्टीखाली गंज चढतो, हे पुण्यात तरी विसरू नका.

एक राहिलंच. पट्टी सगळी सोलून काढल्यावर काकांनी विचारलं, कंपनीचं हीट शील्ड कुठाय? पत्र्याचं ते कवच रॅप बसवताना काढलं होतं, परत लावलंच नव्हतं. दुकानात फोन केला. ‘‘ते जुनं होतं सर, भंगारात गेलं.’’ नवीन मागवलं, एकवीसशेला आलं. बसवल्यावर धग बरीच कमी झाली.