‘पाळीव प्राणी चालतील’ हा फिल्टर कितपत चालतो?

भाड्याची घरं दाखवणाऱ्या बहुतेक अ‍ॅपवर हल्ली ही चौकट असते. तिच्यावर टिक केली की लांबलचक यादी एकदम आखडते आणि निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. ते झालेलं नसतं. आमच्याकडून पाचपैकी अडीच गुण, तेही उदार मनाने.

जाहिरात टाकताना कोणीतरी, बहुतेकदा घाईतल्या एजंटने, तो रकाना भरला होता का, एवढंच हा फिल्टर बघतो. रकाना कोरा राहिला तर अनेक ठिकाणी ते घर ‘नाही’मध्ये जमा होतं. म्हणजे ज्या मालकाने या गोष्टीचा विचारच केलेला नाही, तोही यादीतून गळतो. आणि बोलणी जमायची शक्यता असते ती नेमकी त्याच्याशी. म्हणून एकदा फिल्टर लावून शोधा आणि एकदा न लावता. दुसऱ्या खेपेला वर्णनात स्पष्ट नकार लिहिलेली घरं तेवढी वगळा. बरेच आठवडे पडून असलेली जाहिरात आधी उघडा, तिथला मालक ऐकून घ्यायच्या तयारीत असतो.

‘होय’ दिसलं तरी ते कशाला, हे फिल्टर सांगत नाही. त्याच्या लेखी मांजर आणि ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा एकच. मालकाच्या मनात मात्र जात, वजन आणि संख्या यांची मर्यादा असते. वजनाची अट पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला लागू आहे का, ते विचारा. चार महिन्यांच्या पिल्लाचं आजचं वजन कामाचं नाही. इमारतीचे नियम ही आणखी वेगळी गोष्ट. मालक हो म्हणतो आणि नियमावलीत लिफ्टबंदी किंवा ठरावीक जातींना मनाई निघते. नियमांची प्रत मागून घ्या, तोंडी ‘कोणी काही म्हणत नाही’वर जाऊ नका.

पहिल्या मेसेजात ‘प्राणी चालेल का?’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ म्हणणं समोरच्याला फार सोपं जातं. त्याऐवजी माहिती द्या: ‘चार वर्षांची, साडेतीन किलोची मांजर, नसबंदी झालेली, रेबीजसह सगळ्या लसी वेळेवर, बाहेर सोडत नाही.’ कुत्रा असेल तर तो रोज किती तास एकटा राहील आणि तेव्हा भुंकतो का, हेही लिहा. आधीच्या घरमालकाची दोन ओळींची शिफारस जोडता आली तर उत्तम. बोक्याच्या बाबतीत नसबंदीचा उल्लेख विसरू नका: नसबंदी न झालेला बोका हद्द आखायला भिंतींवर फवारे मारतो आणि मालकाला धास्ती असते ती त्याचीच.

ती धास्ती अनाठायी नाही. मांजराच्या मूत्रातलं यूरिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नाही; वरवर पुसलेला डाग दमट हवेत पुन्हा वास मारू लागतो. लॅमिनेटच्या फरशीत ओल सांध्यांतून आत शिरते आणि कडा फुगतात. ब्लीच तर वापरूच नका: मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू तयार होतो. एन्झाइमवालं क्लीनर घ्या, लेबलवर सांगितलेला वेळ ते ओलंच राहू द्या, मग पुसा.

यामुळेच घर बघायला जाल तेव्हा खिडक्या बंद करून वास घ्या. अंधार करून अतिनील टॉर्च भिंतींच्या खालच्या कडांवर आणि दारांमागे फिरवा. मूत्राचे जुने डाग त्या प्रकाशात चमकतात. पण साबणाचे काही अंशही चमकतात, म्हणून चमकलेल्या जागी नाक लावून खात्री करा. तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूच्या मांजराचा हिशेब तुमच्या अनामतीतून वळता होईल.

मांजर असेल तर बाल्कनीच्या जाळीसाठी भोकं पाडायची परवानगी सुरुवातीलाच मागा. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक मांजरं वाचली, पण छातीच्या आणि जबड्याच्या दुखापतींसह.

पैशांचे तीन प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका: परत मिळणारी जादा अनामत, परत न मिळणारं एकरकमी शुल्क आणि दरमहाचं वाढीव भाडं. वाढीव भाडं किरकोळ दिसतं, पण राहायच्या महिन्यांनी गुणून बघा. मुक्काम लांबला की एकरकमी शुल्कच स्वस्त पडतं.

सगळं ठरल्यावर घोळ होतो तो कराराच्या छापील नमुन्यात. मालकाने होकार दिलेला असतो, पण आठव्या-नवव्या पानावर ‘प्राणी ठेवता येणार नाहीत’ हे कलम तसंच राहिलेलं असतं. ते खोडून दोघांनी शेजारी सही करावी आणि प्राण्याचं वर्णन, संख्या व नूतनीकरणानंतरही परवानगी कायम राहील, हे वेगळ्या कलमात लिहावं. प्राण्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ अंकी क्रमांकही तिथेच टाका.