खराडीतला ट्रक डिस्पॅचचा क्लास: शिकवतात मस्त, पण ते खोटं नाव बंद करा

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना फोन करून डिस्पॅच सर्व्हिस, म्हणजे कमिशनवर त्यांच्यासाठी लोड (वाहतुकीचा माल) शोधून द्यायचं काम, कशी विकायची हे शिकवणारा खराडीतला एक क्लास नुकताच केला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे, तरी पाचपैकी साडेतीन स्टार देईन.

आधी चांगलं सांगते. शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः हे काम केलंय आणि ते कळतं, कारण सुरुवातीला स्क्रिप्ट पाठ करायला लावत नाहीत, ड्रायव्हरचा दिवस शिकवतात. सलग १० तास विश्रांती घेऊन कामाला लागला की त्याचं १४ तासांचं घड्याळ सुरू होतं, त्यात गाडी जास्तीत जास्त ११ तास चालवायची, ८ तास चालवल्यावर अर्धा तास ब्रेक घ्यायचाच, आणि हे सगळं गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये पडतं. आता असा माणूस गोदामाबाहेर चार तास लोडिंगसाठी ताटकळलाय, त्याचं घड्याळ पळतंय आणि आपण फोन करून "सर बेस्ट लोड्स देतो" म्हणतोय, तो फोन आपटणारच ना! म्हणून मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, आत्ता गाडी चालवताय का? हो म्हणाला तर वेळ विचारायची आणि लगेच ठेवायचं, ८० हजार पाउंड वजनाची गाडी हायवेवर आहे, आपलं सेल्स नंतर. मला हे फार पटलं.

रेटचं गणित पण नीट घेतात. ६०० मैलांच्या लोडला १५०० डॉलर म्हणजे मैलाला अडीच, ऐकायला छान, पण माल उचलायला आधी १५० मैल रिकामं जायचं असेल तर मैलाला दोनच पडतात, वर डिझेल आणि आपलं कमिशन त्याच्याच खिशातून. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये कोणालाही विचारा, रिकामी गाडी आणायला लागली की ट्रिपमध्ये काय उरतं ते. फोन करायच्या आधी सेफर या तिकडच्या सरकारी साइटवर ट्रकवाल्याचा एमसी नंबर (परवान्याचा नंबर) टाकून बघायलाही शिकवतात, किती गाड्या आहेत, काय माल नेतात, सगळं फुकटात दिसतं. नुकताच एमसी नंबर मिळालेल्याला बरेच ब्रोकर, म्हणजे माल पाठवणारा आणि ट्रकवाला यांच्यातले दलाल, लोड देत नाहीत आणि डिस्पॅचवाल्यांचे फोन मात्र दिवसभर चालू, त्यामुळे त्याला खरंच काय मिळवून देऊ शकतो तेवढंच बोलायचं.

आता तक्रार. लाइव्ह कॉलिंगला मॅडम नसतात, दुसरे एक सर असतात, आणि ते सांगतात अमेरिकन नाव घ्या, टेक्सासमधून बोलतोय म्हणा. का पण? जो माणूस आपल्या भरवशावर गाडी कुठल्या राज्यात न्यायची ते ठरवणार, इन्शुरन्सचे कागद आणि डब्ल्यू-नाइन (टॅक्स नंबरचा फॉर्म) आपल्याला पाठवणार, त्याच्याशी पहिलंच वाक्य खोटं? पुण्यातून बोलतेय म्हटल्यावर काही जण ठेवतात, ठेवू देत, जे बोलतात ते नीट बोलतात.

दुसरं म्हणजे फोन करायच्या नंबरांची यादी राज्याप्रमाणे लावलेली नसते. उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात पण कॅलिफोर्नियात ६ च, आणि तिकडचा टेलिमार्केटिंगचा नियम सकाळी ८ ते रात्री ९ आहे, तोही समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे आपल्याला अजून एक तास थांबावं लागतं. हे सरांना सांगितलं तर "डायल करत राहा" एवढंच उत्तर.

डिस्पॅचर आणि ब्रोकर यातला फरकही घाईत उरकला. ब्रोकरला वेगळं लायसन्स आणि ७५,००० डॉलरचा बाँड लागतो, डिस्पॅचर ट्रकवाल्याच्या बाजूने काम करतो, आणि २०२३ मध्ये यावर सरकारी खुलासा पण आलाय, यावर निदान एक पूर्ण लेक्चर हवंच.

फी दोन हप्त्यांत घेतात, डेमो लेक्चर फुकट आहे. डेमोला जाल तेव्हा मॅडमचं लेक्चर ऐकाच, पण पैसे भरायच्या आधी त्या सरांना विचारा की लाइव्ह कॉल स्वतःच्या नावाने करू देणार का.