जळल्याचा उंच व्रण: लेझर की इंजेक्शन?

शेजारच्या ताई विचारून राहिल्या होत्या, पोराच्या हातावर गरम तेल सांडलेलं, जखम भरली पण व्रण उंच, लाल अन् रात्रभर खाज, आता काय करू?

खर्चात इंजेक्शन स्वस्त. ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड थेट व्रणात देतात, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी परत. छोटा, जाड व्रण चपटा होतो, खाज लवकर कमी होते. पण कडक चामडीत सुई जाते तेव्हा दुखतं खूप, लहान पोरांना तर जास्तच, अन् डोस जास्त झाला तर चामडी पातळ पडते, पांढरे डाग येतात.

लेझर महाग, अन् एका सिटिंगमध्ये भागत नाही. पण व्रण मोठा असेल, कोपर किंवा बोटं आखडली असतील तर फ्रॅक्शनल सीओटू लेझरने (हे व्रणात बारीक बारीक छिद्रं पाडतं) चामडी मऊ होते, हात मोकळा व्हायला मदत होते. आपल्या सावळ्या रंगावर काळे डाग पडायची भीती असते, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात नकोच, हिवाळ्यात करा अन् फुल बाह्या, सनस्क्रीन सोडू नका.

व्रण पूर्ण पुसून कोणीच देत नाही बाप्पा.

छोटा व्रण, बजेट कमी: इंजेक्शन. मोठा किंवा सांध्यावरचा: लेझर. फारच जाड असेल तर लेझरनंतर लगेच त्याच छिद्रांतून स्टेरॉइड सोडतात, तेही विचारा. ताईंना मी आधी मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) स्किन ओपीडीत दाखवायला सांगितलं, तोवर सिलिकॉन जेल चालू ठेवा म्हटलं.