मारुती ८००चं हेड पॅकिंग: घरी बदलायचं की गॅरेजला द्यायचं?

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधली सांध बंद करणारं मारुती ८००चं हेड गॅस्केट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग, उडालं की मालकापुढे तीन वाटा उरतात. एक म्हणजे गाडी गॅरेजला द्यायची. दुसरी, सगळं काम घरी करायचं. तिसरी, हेड घरी उतरवायचं, लेथवाल्याकडून त्याचा खालचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून, म्हणजे फेसिंग करून, आणायचं आणि पुन्हा घरीच बसवायचं. मी पहिल्यांदा हेड खोललं ते तिसऱ्या वाटेनं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला आजही मी तीच सांगेन, पण ती सगळ्यांना झेपणारी नाही.

माझ्या गाडीचं पॅकिंग त्याआधी एका गॅरेजने बदललं होतं. चार महिन्यांत घाट चढताना तापमानाचा काटा पुन्हा लाल रेघेला गेला. हेड उतरवलं तेव्हा कळलं, की पॅकिंग नवं होतं पण हेडचा पृष्ठभाग कुणी तपासलाच नव्हता. वाकलेल्या हेडखाली नवं पॅकिंग घातलं की ते थोडे दिवस तग धरतं आणि त्याच जागी पुन्हा फुटतं. तेव्हापासून माझ्या लेखी या कामाचा अर्धा जीव हेडच्या सपाटीत आहे, आणि तिन्ही वाटा मी त्याच मापाने मोजतो.

आधी खात्री करा

गाडी गरम झाली म्हणजे पॅकिंगच गेलं असं नसतं. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी सुरू करा. पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर ते वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असं समजा. गरम इंजिनवर हे झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज मिळालं तर तिन्ही सिलिंडर मोजा. शेजारशेजारचे दोन एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधली पॅकिंगची पट्टी फुटलेली असण्याची शक्यता मोठी. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधट थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट गाडीतही वाफेने तो जमतो. डिपस्टिकवरचं तेलच चहासारखं दिसू लागलं, तर गोष्ट गंभीर आहे.

गरम होण्याचं मूळ कारणही आताच शोधा. फॅन वेळेवर सुरू होतो का? रेडिएटर क्षाराने तुंबलाय का? पंप ठिबकतोय का? नुसतं बोअरचं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत आतले पाण्याचे मार्ग गंजाने भरलेले असतात. हे कारण तसंच राहिलं तर तिन्ही वाटांवरचे पैसे पाण्यात जातात.

दुकानात मिळणारं ‘लीक बंद’ करणारं औषध ही चौथी वाट म्हणून कुणी सुचवेल. गळती थांबवणारा तोच चिखल रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. ज्या गाडीवर जीव आहे तिच्यात ते ओतू नका.

गॅरेज की घर

आधी स्वतःला विचारा, गाडी किती दिवस उभी राहू शकते? गॅरेजवाला दोन-तीन दिवसांत गाडी हातात देतो. मला तीन शनिवार-रविवार लागले: एक खोलायला, एक लेथवाल्याच्या फेऱ्या आणि साफसफाईला, एक बसवायला. कामावर जायला हीच एक गाडी असेल, किंवा घरात आजारी माणूस असेल, तर पुढचं वाचण्याआधीच गॅरेज ठरवा. तसंच डोक्यावर छप्पर नसेल तरीही. उघड्या सिलिंडरवर पावसाचा एक शिडकावा किंवा शेजारच्या बांधकामाची वाळू पुरेशी आहे.

दुसरा प्रश्न गाडीचा. मारुती ८००, डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात बनलेली, पहिल्यांदा शिकायला फार प्रेमळ गाडी आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅम, त्याच्या टायमिंगला बेल्ट. हेड एकट्या माणसाला उचलता येतं. पॅकिंग सेट पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळतो आणि तालुक्याच्या गावीही फार हिंडावं लागत नाही. याउलट स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल इंजिन घ्या: दोन कॅम, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, वर टर्बो आणि जोरदार दाबाच्या डिझेल लाइन. पुष्कळ नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक अंशांत फिरवून ताणायचे असतात आणि एकदाच वापरायचे असतात. अशा गाडीचं हेड घरी पहिल्यांदा उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिल्या वेळी फारसे वाचत नाहीत. गॅरेजच्या बिलात मजुरी मोठी असते आणि ती वाचते, पण गोटी पान्यांचा सेट, ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंच, फटी मोजायच्या पातळ पात्यांचं फीलर गेज आणि एक सरळ पट्टी घ्यावी लागते. हत्यारं पुढे उपयोगी पडतातच. पण तीही कुणाकडून आणता येत असतील आणि दोन-तीन रविवार मोकळे असतील, तरच घरचं काम स्वस्त पडेल.

घरी तुम्हाला मिळते ती खात्री. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे कसे काढले, हे तुमच्या डोळ्यांसमोर असतं. घाईच्या गॅरेजमध्ये ग्राइंडरला खरखरीत पॅड लावून मिनिटभरात पृष्ठभाग चमकवतात. हेड अॅल्युमिनियमचं, मऊ. त्या पॅडने त्यावर खोलगट जागा पडतात, आणि पॅडचे कण तेलात मिसळून बेअरिंगला खातात. घरी प्लास्टिकच्या खरवडणीने आणि हलक्या हाताने धरलेल्या ब्लेडने तासभर लागतो, लागू द्या.

गॅरेजच निवडलंत तर तीन गोष्टी आधी ठरवून घ्या: हेड फेसिंगला जाणार का, बोल्ट टॉर्क रेंचने आवळणार का, आणि जुनं पॅकिंग तुम्हाला परत मिळणार का. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी ही झडप नसेल तर इंजिन ठरलेल्या तापमानाला नीट येत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

लेथवाल्याकडे का जायचंच

सगळं घरी करण्याची दुसरी वाट मी इथेच सोडतो. सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज सरकवून बघा. ०.०५ मिलिमीटरची पाती आत जात असेल तर हेड वाकलंय. ही सपाटी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हाताने आणतो म्हणणारे भेटतात. मी ते करणार नाही. फेसिंगच्या यंत्रावर ते काम थोड्या पैशांत होतं, तिथेच हेडला तडा आहे का हे दाबाखाली तपासून मिळतं, आणि व्हॉल्व्ह गळत असतील तर तेही बसवून मिळतात. काढायचा थर गरजेपुरताच काढायला सांगा.

घरी बसवताना जिथे चुकतं

खोलताना इंजिन पूर्ण गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली हवी. बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करत यायचे, बसवताना मध्यापासून बाहेर. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवा. टायमिंग बेल्ट काढण्याआधी कॅम आणि क्रँक यांच्या पुलींवरच्या दोन्ही खुणा जुळवा, फोटो घ्या, आणि उतरलाच आहे तर बेल्ट नवाच घाला.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे ब्लॉकमधली बोल्टची भोकं. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी उरलं तर बोल्ट खाली उतरताना ते दाबलं जातं, रेंच टॉर्क पुरा झाल्याचं सांगतो आणि हेड प्रत्यक्षात ढिलंच राहतं. कधी त्या दाबाने ब्लॉकच तडकतो. डोळ्यांवर चष्मा लावून हवेने भोकं उडवा, आटे पुसा. पॅकिंगवर वरची बाजू छापलेली असेल ती वरच ठेवा, सिलिकॉनचा लेप देऊ नका. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या आणि दोन-तीन टप्प्यांत तिथवर या. अंदाजाने आवळणाऱ्या अनुभवी हातांबद्दल मला आदर आहे, पण पहिल्या वेळी तुमच्या हाताला तो अंदाज नसतो.

काढलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं मिश्रण, भांड्यात धरून झाकून ठेवा. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

काम कुणीही केलेलं असो, ऑइल आणि फिल्टर नवे घाला, कूलंट भरून हवा निघेपर्यंत गाडी जागेवर चालू ठेवा आणि फॅन आपोआप सुरू झालेला डोळ्यांनी बघा. पुढचे आठ दिवस रोज सकाळी गार इंजिनवर पातळी तपासा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली असेल. त्यानंतरही उतरत राहिली तर हेडवर संशय घेण्याआधी होजचे क्लॅम्प चाचपून बघा.