ग्रेट सर्कल मॅपर : अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला काठावर पास

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढायला ही जुनी, फुकट वेबसाइट आजही सगळ्यात भरवशाची. दिसायला अगदीच जुनाट, पण तिकडे दुर्लक्ष करा. चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे : मुंबई–दिल्लीसाठी बीओएम-डीईएल. नकाशावर रेघ उमटते, खाली अंतर आणि सुरुवातीची दिशा येते. स्वल्पविराम देऊन दुसरा मार्ग जोडला की दोन्ही एकाच नकाशावर.

पहिली चूक इथेच होते. आकडा आपोआप मैलांत येतो. मुंबई–दिल्ली सातशेच्या आसपास दिसलं की लोक ते किलोमीटर समजतात. खरं अंतर सुमारे 1,140 किमी. एकक आधी बदलून घ्या. नॉटिकल (सागरी) मैल निवडलात तर किलोमीटरसाठी 1.852 ने गुणा, साध्या मैलाच्या 1.609 ने नव्हे.

दुसरी चूक कोडची. गोव्याला दोन विमानतळ आहेत : दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. मुंबईहून दाबोळी साधारण 425 किमी, मोपा 385. तिकिटावरचा कोड बघूनच टाका. नवी मुंबईचाही कोड वेगळा आहे, एनएमआय.

अंतर पृथ्वीची चपटी गोलाई धरून काढलेलं असतं, म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबावं. वेळेचं तसं नाही. वेग टाकला की साइट सरळ भागाकार करते. ताशी 830 किमी धरून दिल्ली 1 तास 22 मिनिटांत येते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते, कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतची. त्यात टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरचं चालणं), चढण, उतरण आणि परतीला मुंबईवर घिरट्या घालणं आलंच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालत नाही. देशांतर्गत प्रवासाला भागाकारात पाऊण-एक तास मिळवला की अंदाज जमतो.

लांब पल्ल्याला वाऱ्याचा हिशेब हवा, तो इथे नाहीच. मुंबई–लंडन सुमारे 7,200 किमी, जाताना आणि येताना तेवढंच. तरी जायला साधारण दहा तास आणि यायला नऊ, कारण उंचावरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

बंद हवाई हद्दही साइटला कळत नाही. दिल्ली–लंडनची रेघ ती पाकिस्तानवरूनच ओढते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केल्यावर त्यांची विमानं दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली, पण नकाशावरची रेघ जागची हलली नाही. कनेक्टिंग विमान ठरवायचं असेल तर या साइटच्या वेळेवर ते ठरवू नका. त्यासाठी कंपनीचं वेळापत्रकच उघडा.