छत्रीखाली मिळालेले तीन महिने

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावात जुन्या कंपनीची रेंज घरात ठीक येत असे. शेतातील आखाड्यावर मात्र फोन लावायचा तर बांधावर जाऊन उभे राहावे लागे. कंपनी बदलण्याचा विचार त्यामुळे बरेच दिवस मनात होता. दिवाळीच्या आधी आडतीवर सोयाबीन घालून परतताना, बसस्थानकासमोर रंगीत छत्रीखाली सिमकार्डे घेऊन बसलेल्या मुलाने हाक मारली, तेव्हा मी आपणहून थांबलो, हे आधीच कबूल करतो.

“मामा, एकदा ३४९ चं रिचार्ज मारा, पुढचे दोन महिने कंपनीकडून फुकट,” असे त्याने सांगितले. मी लेखी मागितले, तेव्हा त्याने कंपनीचे छापील पत्रक उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने ‘३ महिने’ असे लिहून त्याखाली रेघ ओढून दिली. पुढची बाजू मी वाचली नाही. माझ्या जुन्या रिचार्जचे ५१ दिवस शिल्लक असल्याचेही मी त्याला सांगितले होते. त्यावर “सगळं तिकडून इकडं येतं, टेन्शन घेऊ नका” एवढेच उत्तर मिळाले. मग त्याने माझाच फोन हातात घेऊन १९०० या क्रमांकावर पोर्टचा, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, संदेश पाठवला, आलेला आठ अक्षरांचा कोड स्वतःच्या मोबाइलमध्ये भरला, आधारसाठी माझा अंगठा आणि फोटो घेतला, आणि दहा मिनिटांत मला मोकळे केले. पत्नीचा क्रमांकही त्याच वेळी नव्या कंपनीकडे न्यायचा होता. पण निंदणी-खुरपणीत तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की चार वेळा पुसूनही यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. तिचा क्रमांक वाचला तो केवळ त्यामुळे.

तिसऱ्या दिवशी नवे सिम सुरू झाले आणि जुने ५१ दिवस गेले. प्रीपेड क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेला की खात्यातील शिल्लक आणि उरलेली वैधता मागेच राहते, असा नियमच आहे, आणि दिवसभर हेच काम करणाऱ्या मुलाला तो ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. पोर्टची विनंती केल्यापासून २४ तासांच्या आत ‘कॅन्सल’ असा संदेश त्याच १९०० वर पाठवून ती मागे घेता येते, हेही मला फार उशिरा कळले.

२८ दिवस संपले आणि फोन लागेनासा झाला. ग्राहक सेवेतील बाईंनी अतिशय सौजन्याने सांगितले की माझ्या खात्यावर दोन महिन्यांची कोणतीही मोफत सवलत नाही. ५० रुपयांची दोन कूपने मात्र आहेत, जी कंपनीच्या ॲपमधून एका ठरावीक महागड्या रिचार्जवरच वापरता येतील. तेव्हा मी पत्रक सुलट करून वाचले. त्यावर हीच कूपने छापलेली होती, आणि तळाशी अगदी बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. म्हणजे कंपनीने छापलेले खोटे नव्हते. खोटे होते ते बॉलपेनचे, आणि ते कोणाचे अक्षर हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली होती.

परत जुन्या कंपनीकडे जावे, तर नव्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पोर्टचा कोडच मिळत नाही. कोणतीही सवलत या ९० दिवसांच्या हिशेबाने तपासली पाहिजे, असे माझे आता मत झाले आहे, कारण आपण अडकलेले असताना सवलत देण्याची घाई कोणालाच नसते.

तक्रार करताना मी एक चूक केली: पहिल्या फोनवर केवळ भांडलो, तक्रार क्रमांक मागितला नाही. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असे धरले जाते, आणि कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडेही जाता येत नाही. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेकडे वैयक्तिक तक्रारी घेतल्या जात नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा फोन करून क्रमांक घेतला आणि मग अपील केले. अपिलावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मला तो मुदतीत मिळाला. त्यात म्हटले होते की सदर सवलत कंपनीने जाहीर केलेली नव्हती, व सदर विक्रेता कंपनीचा कर्मचारी नाही. परभणीच्या ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग अजून खुला होता. पण जिंतूर ते परभणी अशा दहा खेपा मोजल्या, तेव्हा वादातल्या रकमेपेक्षा एसटीचे भाडेच जास्त भरले.

नव्वद दिवस झाल्यावर मी त्याच बसस्थानकासमोरून गेलो. छत्री तिथेच होती, मुलगा दुसरा होता. त्यानेही मोफत महिने सांगितले. मी त्याला एवढेच म्हणालो की त्या सवलतीचे रिचार्ज कंपनीच्या ॲपमध्ये कोणत्या नावाने आहे ते मला आत्ता उघडून दाखव. त्याने दोन वेळा स्क्रीन वर-खाली केली, आणि मग माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारले, “मामा, तुमचं काय?”