रशियात थांबायचं की कॅनडा गाठायचा? स्वेच्निकोव्ह आणि काप्रिझोव्हच्या दोन वाटा

आइस हॉकीत चमकणारा रशियन मुलगा सोळा-सतराचा झाला की घरात एकच विषय सुरू होतो: जायचं की थांबायचं? जायचं म्हणजे कॅनडा किंवा अमेरिकेच्या ज्युनियर लीगमध्ये, अनोळखी कुटुंबाच्या घरी राहून खेळायला. थांबायचं म्हणजे एमएचएल या रशियन ज्युनियर लीगमधून, वेळ पडल्यास दुय्यम व्हीएचएलमधून, केएचएल या रशियाच्या अव्वल लीगमधल्या मुख्य संघापर्यंत चढायला. शेवटी पोहोचायचं बहुतेकांना अमेरिका-कॅनडाच्या एनएचएलमध्येच असतं. टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना या लीगची सवय असेल. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं की जगातला सगळ्यात मोठा पैसा आणि सगळ्यात कठीण हॉकी तिथे आहे.

दोन्ही वाटांनी गेलेले आणि नाणं खणखणीत वाजलेले दोघे समोर ठेवू.

आंद्रेई स्वेच्निकोव्ह 2000 साली सायबेरियातल्या बर्नाऊलमध्ये जन्मला. मोठा भाऊ येव्गेनी आधीच कॅनडात खेळून आलेला, त्यामुळे वाट मळलेली होती. आंद्रेई 2016 मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या मस्कीगनला गेला. तिथे 48 सामन्यांत 29 गोल केले आणि पुढच्या वर्षी ऑन्टारिओतल्या बॅरी कोल्ट्सकडून 44 सामन्यांत 40. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या निवडीत, कॅरोलायना हरिकेन्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि अठराव्या वर्षी तो एनएचएलमध्ये होता.

किरिल काप्रिझोव्ह 1997 चा, नोवोकुझ्नेत्स्कचा. हे कोळसा आणि पोलादाचं गाव. तो तिथल्याच मेटालुर्गकडून सतराव्या वर्षी केएचएलमध्ये उतरला. 2015 च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा वाइल्डने त्याला पाचव्या फेरीत 135 व्या क्रमांकावर घेतलं; म्हणजे त्याच्याआधी 134 नावं पुकारली गेली. पुढे उफाचा सलावत युलायेव्ह, मग मॉस्कोचा सीएसकेए. मिनेसोटाकडून तो पहिला सामना खेळला तेव्हा 2021 चा जानेवारी उजाडला होता. तोपर्यंत तो ऑलिंपिक सुवर्ण आणि केएचएलच्या विजेतेपदाचा गागारिन चषक जिंकून मोकळा झाला होता. आल्या आल्या लॉस एंजेलिसविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल मारला आणि त्या हंगामाअखेर सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घरी नेली.

पैशाचं बघू, कारण घरचे तेच आधी विचारतात. लवकर गेलेल्याला कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये पगार असा नाहीच, हातखर्चापुरतं मिळतं. एनएचएलचा पहिला करारही बांधीव रकमेचा. खरी कमाई दुसऱ्या करारात, आणि लवकर गेलेला तिथे लवकर पोहोचतो. स्वेच्निकोव्हने एकविसाव्या वर्षी आठ वर्षांचा 6 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. काप्रिझोव्हला तसा करार चोविसाव्या वर्षी मिळाला, पाच वर्षांचे 4 कोटी 50 लाख. पण त्याआधी त्याने केएचएलचा भरगच्च पगार घेतला होता, तोही तेव्हाच्या सरसकट 13 टक्के रशियन आयकरावर. आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याने आठ वर्षांसाठी 13 कोटी 60 लाखांवर सही केली, एनएचएलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. त्यामुळे पैशाच्या तराजूत निकाल लागत नाही. लवकर गेलात तर खात्री लवकर मिळते, एवढंच.

माझ्या मते निकाल लागतो तो बर्फावरच्या मिनिटांवर, आणि इथे थोडं थांबायला हवं. केएचएलमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोराला प्रशिक्षक सहसा जपून वापरतात. एक चूक झाली की बाकावर. श्रीमंत क्लबात तर विचारूच नका, तिथे प्रत्येक जागेसाठी अनुभवी माणूस हजर. वासिली पोदकोल्झिन 2019 मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएच्या मुख्य संघात त्याच्या वाट्याला फार कमी खेळ आला. इव्हान देमिदोव्हची गंमत आणखी वेगळी. 2024 मध्ये मॉन्ट्रियलने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. पुढच्या हंगामात त्याने एसकेएसाठी 65 सामन्यांत 49 गुण (केलेले आणि करवलेले गोल मिळून) मिळवले, वीस वर्षांखालच्या खेळाडूसाठी केएचएलमधला हा विक्रम. तरीही काही सामन्यांत तो जेमतेम चार-दोन मिनिटं बर्फावर दिसला. एप्रिल 2025 मध्ये क्लबने मोकळं केल्यावर मॉन्ट्रियलच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच सत्रात, त्याने एक गोल केला आणि एक करवला.

काप्रिझोव्हचं कसं जमलं मग? त्याचा पहिला क्लब कमकुवत होता म्हणून. नोवोकुझ्नेत्स्ककडे बड्या खेळाडूंसाठी पैसे नव्हते, तेव्हा घरचं पोर खेळवणं भागच होतं. पुढे 2017 मध्ये त्या क्लबला केएचएलमधून बाहेर काढलं गेलं, ही गोष्ट वेगळी. मात्वेई मिच्कोव्हचंही तेच. तो एसकेएचा, पण बहरला सोचीकडे उसना गेल्यावर, तळाशी रेंगाळणाऱ्या संघात. मुंबईकडून संधीची वाट बघत बसण्यापेक्षा अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणातच शतक ठोकलं, हिशेब तोच.

आता खेळाची घडण. रशियातली रिंक परंपरेने 30 मीटर रुंद, एनएचएलची 26 च्या आसपास. आता केएचएलच्याही बऱ्याच रिंक अरुंद झाल्यात, पण पक (हॉकीच्या चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) राखून, वळसा घालून, मोकळी जागा शोधून खेळायची रशियन सवय त्या रुंद बर्फावर मुरलेली. 2018 च्या प्यॉंगचांग ऑलिंपिकची अंतिम लढत आठवा. जर्मनीशी 3-3 बरोबरी, जादा वेळ, जर्मनीचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर. गुसेव्हने बर्फ ओलांडून पास दिला आणि काप्रिझोव्हने पक न थांबवता एका फटक्यात जाळ्यात पाठवला. वय वर्षं वीस. मोठ्या माणसांसोबत, दडपणाखाली खेळल्याने येणारा हा निवांतपणा ज्युनियर लीगमध्ये शिकायला मिळत नाही.

उलट अरुंद रिंकवर कडेच्या बोर्डांजवळची धक्काबुक्की, गोलसमोरची कोंडी आणि इंग्रजी, हे सगळं स्वेच्निकोव्हला वयात येतानाच अंगवळणी पडलं. ऑक्टोबर 2019 मध्ये कॅल्गरीविरुद्ध तो जाळ्याच्या मागे उभा राहिला, पक स्टिकच्या पात्यावर चिकटवल्यासारखा उचलला आणि गोलकीपरच्या खांद्यावरून आत कोंबला. एनएचएलमध्ये ही युक्ती तोवर कुणाला साधली नव्हती.

पण लवकर जाऊन फसलेलेही आहेत. मिखाईल ग्रिगोरेन्को क्यूबेकमध्ये गाजला, 2012 मध्ये बफेलोने बाराव्या क्रमांकावर घेतला, आणि पुरता तयार नसताना मोठ्या संघात ठेवला. मग ज्युनियर आणि एनएचएल अशा खेपा झाल्या. 2017 मध्ये तो मॉस्कोला परतला आणि काप्रिझोव्हसोबत ते ऑलिंपिक सुवर्ण जिंकला.

कागदपत्रांकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. रशियन महासंघ आणि एनएचएल यांच्यात खेळाडूंच्या बदलीचा करार नाही. केएचएलचा करार एकदा केला की तो संपेपर्यंत किंवा क्लबने मोकळं करेपर्यंत सुटका नाही. मिच्कोव्हचा करार 2026 पर्यंत होता. 2023 च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या क्रमांकापर्यंत खाली आला, त्यामागे हेही एक कारण. एसकेएने 2024 मध्येच सोडलं म्हणून बरं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचे संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाले, त्यामुळे ज्युनियर विश्वचषकात स्वतःला दाखवायची सोय गेली. 2022 मध्ये कॅनडाच्या ज्युनियर लीगनेही रशियनांना दार बंद केलं होतं. ते आता उघडलंय. आणि सक्तीची लष्करी सेवा आहेच. गोलकीपर इव्हान फेदोतोव्हने 2022 मध्ये सीएसकेए सोडून फिलाडेल्फियाशी करार केला, आणि जुलैत त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये ताब्यात घेऊन उत्तरेला नौदलाच्या तळावर पाठवलं गेलं. फिलाडेल्फियाला पोहोचायला त्याला 2024 चा मार्च लागला.

मला विचाराल तर: मुलगा मोठ्या क्लबच्या अकादमीत असेल आणि उसना द्यायचं वचन लेखी मिळत नसेल, तर सतराव्या वर्षी बॅग भरावी. लहान क्लबात असेल आणि दर सामन्याला पंधरा मिनिटं मिळत असतील, तर थांबावं, पण करार एका वेळी एक-दोन वर्षांचाच करावा. पाच वर्षांचा कागद पुढे आला तर रक्कम न बघता परत करावा.

गोलकीपरला यातलं काहीच लागू नाही. कॅनडाच्या ज्युनियर लीगने 2014 ते 2018 या काळात परदेशी गोलकीपर घेणंच बंद केलं होतं, आणि रशियनांचं त्यात काही बिघडलं नाही. इगोर शेस्त्योर्किन एसकेएमध्ये फिनलंडच्या कोस्किनेनमागे बाकावर बसून होता. 2019 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि पाच वर्षांनी रेंजर्सशी 9 कोटी 20 लाखांचा करार केला. इल्या सोरोकिन केएचएलमध्ये आला तो त्याच नोवोकुझ्नेत्स्ककडून. आणि त्याच क्लबच्या सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं; 2024 आणि 2025, एनएचएलच्या विजेतेपदाच्या सलग दोन स्टॅन्ली चषकांत फ्लोरिडाच्या गोलसमोर तोच उभा होता.